'सुरंगी'च्या शाफ्टची गळती : प्रकल्प नोंदी

रविवार, २० ऑक्टोबर २०२४

पावसाळा संपल्यावर आज पहिल्यांदाच फळ्या उचलून बोटीचा तळ नीट पाहिला. पाणी होतं, बिल्ज पंपाच्या जाळीच्या वरपर्यंत. बॅटरी ११.९ व्होल्टवर. पंप आपोआप चालू होतो, पाणी बाहेर टाकतो आणि बंद होतो, त्यामुळे किती दिवस हे चाललंय ते कळायला मार्ग नाही. बॅटरी उतरली नसती तर आजही कळलं नसतं.

नंतर वाचताना उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवते : सुरंगी ही २७ फुटी, फायबरची, एका डोलकाठीची शिडाची बोट. इंजिन दोन सिलिंडरचं डिझेल, शाफ्ट, म्हणजे इंजिनपासून पंख्यापर्यंत जाणारा दांडा, २५ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा. गोव्यात बेतीच्या बाजूला मांडवी नदीत मूरिंगवर, म्हणजे तळाशी नांगरलेल्या बोयाला बांधलेली असते.

पाणी चाखून पाहिलं. एरवी खारट म्हणजे नदीचं आणि गोडं म्हणजे पावसाचं, असा सोपा हिशेब असतो. पण पावसाळ्यात मांडवीला इतकं पाणी येतं की मुखाजवळही वरचा थर गोडसर होतो, आणि खारटपणा परत यायला वेळ लागतो. आजची चव धड इकडची नाही, धड तिकडची नाही. मग स्पंजने तळ टिपून काढला, कोरड्या फडक्याने पुसला आणि संशयाच्या प्रत्येक जागेखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवल्या : डोलकाठीच्या पायाशी, इंजिनच्या पाण्याच्या पंपाखाली, सुकाणूच्या नळीखाली, शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडखाली. तासाभराने तीन पट्ट्या कोरड्या होत्या. ग्लँडखालचीचा लगदा झाला होता.

एका मिनिटात ४४ थेंब. खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण खाली धरलं, दहा मिनिटांत २२ मिलिलिटर भरलं. म्हणजे दिवसाला तीन लिटरच्या वर, बोट नुसती उभी असताना.

शनिवार, २६ ऑक्टोबर

आज जे केलं ते करायला नको होतं.

आधी ग्लँड म्हणजे काय ते. पंखा पाण्यात, इंजिन आत, आणि दोघांना जोडणारा शाफ्ट बोटीच्या अंगातून बाहेर जातो. तिथे भोक असणारच, आणि शाफ्ट फिरायचा असल्यामुळे ते कायमचं बुजवता येत नाही. म्हणून आतल्या बाजूला पितळेसारख्या धातूची एक डबी असते. तिच्यात शाफ्टभोवती दोरीची कडी एकामागे एक भरलेली असतात. वरून मोठा नट आवळला की ती दाबली जाऊन शाफ्टला बिलगतात. ही डबी एका जाड रबरी होजने स्टर्न ट्यूबला, म्हणजे शाफ्ट ज्या नळीतून बाहेर जातो तिला, जोडलेली असते.

गळतंय तर आवळावं, या विचाराने चेकनट (मोठा नट सरकू नये म्हणून लावलेला दुसरा नट) सैल केला आणि मोठा नट पाव फेरा आवळला. ४४ वरून ६ थेंब. बरं वाटलं. मग बोट मूरिंगवर बांधलेलीच ठेवून गिअर टाकला आणि हळू वेगात १५ मिनिटं इंजिन चालवलं. ग्लँडला हात लावला तर दोन सेकंदही ठेववेना. लगेच इंजिन बंद करून नट होता तिथे परत आणला. आता ५१ थेंब. दोरी आधीच कडक झालेली असणार, मी ती आणखी जाळली.

रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीज

फोंड्याला घरी. जेवताना बाबांना सांगितलं. कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पाण्याच्या पंपाची ग्लँड दोरी ते चाळीस वर्षं स्वतः बदलत आले आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चालू असताना थेंब पडतो का?" मी म्हटलं, पडतो, तीच तर तक्रार आहे. त्यावर ते म्हणाले, "चालू असताना पडायलाच हवा. त्या थेंबानेच दोरी थंड राहते. तू मोजलेस ते उभ्या बोटीचे. चालत्या बोटीचे किती?"

ते मी मोजलेच नव्हते.

बेतीच्या जेटीवर ट्रॉलरची इंजिनं बघणारे मेस्त्री आहेत, मूळचे मालवणकडचे. संध्याकाळी त्यांना फोन केला. तेही तेच म्हणाले : "थेंब पडाक व्हयोच गो बाय. सुकी ऱ्हवली तर दोरी जळतली." फिरत्या शाफ्टला मिनिटाला दोन-तीन थेंब आणि उभ्या शाफ्टला जवळजवळ काही नाही, हा त्यांचा ठोकताळा. बोटींच्या दुरुस्तीबद्दल मी वाचलंय त्यातही हाच आकडा आहे.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

म्हापशाचा बाजार. गर्दीतून वाट काढत हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी काळी ग्रॅफाइटची दोरी काढली. पंपांना तीच जास्त खपते, आणि गोड्या पाण्याच्या पंपाला ती चांगलीच आहे. पण खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना लागून राहिले की त्यांची बॅटरीच बनते आणि झिजतो तो शाफ्ट. म्हणून टेफ्लॉनची पांढरी दोरी मागितली. त्याने माळ्यावरून शोधून दिली.

माप असं काढलं : डबीचा आतला व्यास ३७, शाफ्ट २५. फरक १२, त्याच्या निम्मे ६. म्हणून ६ मिलिमीटरची दोरी. एका कड्याला सुमारे ९७ मिलिमीटर लागते. डबीत चार कडी बसतील. एक मीटर घेतली.

रविवार, १० नोव्हेंबर

काल अष्टमी होती. कोकणात तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. आज नवमी, त्यामुळे भरती पावणेसातला आणि दुपारी एकच्या सुमारास ओहोटी. भांगाचे दिवस असल्याने प्रवाहालाही जोर नाही. काम पाण्यातच करायचं होतं, म्हणून हाच दिवस धरला.

भाऊ बादली आणि हातपंप घेऊन बसला. नट पूर्ण मागे घेतला तेव्हा पाणी आलं, पण घाबरावं इतकं नाही. दहा लिटरची बादली भरायला सहा मिनिटं लागली. आईच्या जुन्या सुती साडीची पट्टी तोंडाशी गुंडाळल्यावर ते निम्म्यावर आलं. सायकलच्या चाकाची तार वाकवून आकडा केला होता, त्याने जुनी दोरी ओढली. तीन कडी चिंध्या होऊन आली. चौथं काही केल्या हलेना. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी ते तसंच ठेवून त्याच्यावर नवी दोरी भरत गेलं असावं. अर्ध्या तासाने ते अखंड बाहेर आलं. लाकडासारखं कडक होतं. पिशवीत घालून ठेवलं.

बोटाने शाफ्ट चाचपला. दोरी बसते त्या जागी नखाला किंचित खाच लागते. मनात नोंद केली आणि पुढे गेले.

नवी कडी घरीच कापून आणली होती. २५ मिलिमीटरच्या नळीभोवती दोरी गुंडाळून, टोकं तिरपी कापून. एकेक कडं बसवताना जोड एकावर एक येऊ दिले नाहीत : पहिला वर, दुसरा खाली, तिसरा उजवीकडे, चौथा डावीकडे. जोड एका रेषेत आले तर पाण्याला सरळ वाट मिळते. नट फक्त हाताने आवळला, पाना लावला नाही. उभ्या बोटीला ९ थेंब. इतकंच ठेवून घरी.

शनिवार, १६ नोव्हेंबर

कालची त्रिपुरी पौर्णिमा साखळीला विठ्ठलापूरला काढली, वाळवंटीतल्या सजवलेल्या होड्या पाहायला. आज सकाळी सुरंगीवर.

रेईश मागूशच्या किल्ल्याखालून जाऊन परत, तासभर. नट तीनदा अगदी थोडा थोडा आवळला, दर वेळी दहा मिनिटं थांबून. शेवटी चालताना ३ थेंब, उभी असताना २. ग्लँड कोमट, हात आरामात ठेवता येतो. काम झालं असं वाटलं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

उभी असताना ३१ थेंब.

आठवड्यात तीन तास इंजिन चाललं असेल-नसेल. पुन्हा पाना घ्यायचा मोह झाला, पण २६ ऑक्टोबरचं आठवलं. घरी येऊन पिशवीतलं ते जुनं चौथं कडं दिव्याखाली धरलं. एका बाजूला जाडी ६ मिलिमीटर, समोरच्या बाजूला ४. सगळीकडून सारखं झिजलेलं नाही. म्हणजे शाफ्ट डबीच्या मधोमध फिरतच नव्हता. नवी दोरीही तो त्याच बाजूने खात असणार. दोरीत दोष नव्हताच. हे कडं १० तारखेलाच नीट पाहिलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

रविवार, २४ नोव्हेंबर

सकाळी सातला बोटीवर. जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाची आणि पणजीत इफ्फीची गर्दी, म्हणून पूल ओलांडायला लवकरच निघालो.

इंजिनची किल्ली माझ्या खिशात, बॅटरीचा स्विच बंद, मग भाऊ पाण्यात उतरला. दोन मिनिटांत वर येऊन म्हणाला, "ताई, सुरी दे." पंखा आणि रबरी बुश (शाफ्टला बाहेरच्या टोकाशी आधार देणारी नळी) यांच्यामध्ये मासेमारीचं हिरवं नायलॉनचं जाळं अडकलेलं. घर्षणाने वितळून त्याची गाठ झाली होती, दगडासारखी. सात-आठ बुड्या मारून ते कापून काढलं. मग त्याने पंखा धरून वर-खाली हलवला. बुशमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे, त्याच्या अंदाजाने दीड मिलिमीटर.

आत मी कपलिंगचे, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन तबकड्यांचे, चार बोल्ट काढले आणि दोन्ही तबकड्या नुसत्या टेकवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला. वर ०.१, खाली ०.५ मिलिमीटर. १०० मिलिमीटरच्या तबकडीला सगळीकडे मिळून ०.१ पेक्षा जास्त फरक नको असतो. शाफ्ट अर्धा फेरा फिरवून परत मोजलं. फट खालीच राहिली. तबकडी वाकडी असती तर फट तिच्याबरोबर वर आली असती. म्हणजे इंजिनच खाली बसलंय.

टॉर्च घेऊन आडवी झाले. इंजिन ज्या चार रबरी पायांवर बसतं त्यातलं मागचं डावं माउंटिंग बाकीच्यांपेक्षा ४ मिलिमीटर खाली. रबर बोटाने दाबलं तर फुगलेलं, चिकट, डिझेलचा वास. आणि त्याच्या बरोबर वर डिझेलचा फिल्टर. फिल्टरच्या हवा काढायच्या स्क्रूवर एक थेंब लटकत होता. मी पाहत असतानाच तो पडला.

बराच वेळ तशीच पडून राहिले. महिनाभर मी पाण्याचे थेंब मोजत होते. वरून वर्षानुवर्षं डिझेलचा एकेक थेंब माउंटिंगच्या रबरावर पडत होता. रबर मऊ पडलं, इंजिन मागच्या डाव्या कोपऱ्यात बसलं, शाफ्ट तिरका झाला, एका बाजूने दोरी झिजली, दुसऱ्या टोकाला बुश. जाळ्याने त्यात भर घातली. फिल्टरचा स्क्रू माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होता.

तांब्याचा वॉशर बदलला. खाली पांढरा कागद ठेवून आले.

रविवार, १ डिसेंबर

कागद कोरडा, डागही नाही.

बोट वर काढावी लागणार : बुश, होज, शाफ्ट तिन्ही पाहायचे आहेत. ओळखीच्या दोघा-तिघांनी सुचवलं की आता दोरीचा नाद सोड, न ठिबकणारं सील बसव. त्यात शाफ्टबरोबर फिरणाऱ्या स्टीलच्या तबकडीवर कार्बनची कडी घासत असते, आणि रबरी घडीची नळी तिला मागून दाबून धरते. तळ कोरडा राहतो ही त्याची मोठी बाजू आहे, हे मान्य. पण ती रबरी नळी फाटली तर थेंब येत नाहीत, लोंढा येतो, आणि बदलायची तर शाफ्ट कपलिंगमधून सोडवावा लागतो. सुटा भाग परदेशातून मागवायचा. दोरी म्हापशात मिळते आणि पाण्यात उभ्या बोटीवर, आईच्या साडीच्या चिंधीच्या मदतीने बदलता येते, हे मी करून पाहिलंय. दोरीच ठेवणार. शिवाय न ठिबकणारं सील बसवलं असतं तर तिरका शाफ्ट त्यानेही फार दिवस सोसला नसता.

रविवार, १५ डिसेंबर

पौर्णिमा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, आणि उधाणाचं पाणी खरंच सव्वाअकराच्या सुमारास चढलं. यार्ड पुलांच्या अलीकडे असल्याने डोलकाठी उतरवावी लागली नाही. ट्रॉलीवर घेऊन स्लिपवेवरून सुरंगी वर आली तेव्हा बारा वाजत होते.

भरतीची वाट पाहताना नदीच्या वरच्या अंगाला नजर जात होती. तिथे दिवाडीला 'म्हादेई' ही शिडाची बोट बांधली गेली. तीच घेऊन कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगाला फेरी मारून आले. तिचं नाव याच नदीचं, मांडवीलाच म्हादेई म्हणतात. जगाभोवती जाणाऱ्या बोटीलाही शाफ्ट बाहेर पडतो तिथे भोक असणारच आणि त्याच्याकडे कुणीतरी रोज पाहत असणारच, हे मला त्या वेळी फार जवळचं वाटलं.

१६ ते २१ डिसेंबर

रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दोन तास, शनिवारी पूर्ण दिवस.

शाफ्ट बाहेर काढून लेथवाल्याकडे नेला. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला, वाक ०.०५ मिलिमीटर. सरळ आहे म्हणायला हरकत नाही. दोरीच्या जागची खाच ०.३ मिलिमीटर खोल निघाली. १० नोव्हेंबरला नखाला लागली ती हीच. नवी दोरी या खाचेवर बसवली तर ती खरखरीत जागेवर घासत राहणार. लेथवाल्याने वेल्डिंगने भरून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं, कारण तापवल्याने शाफ्ट वाकायची भीती आणि भरलेल्या जागी गंज धरायचाही धोका. मेस्त्रींनी साधा मार्ग सांगितला : नवा होज १५ मिलिमीटर लांब काप, डबी तेवढी पुढे सरकेल आणि दोरी कोऱ्या जागेवर बसेल. शाफ्ट आणि कपलिंगच्या मध्ये तेवढी जागा आहे. तसंच केलं.

जुना होज वाकवल्यावर आतून भेगा दिसल्या. हा तुटला असता तर सुरंगी मूरिंगवरच बुडाली असती. गळती झाली म्हणून तो आज हातात आला. होज क्लिपा प्रत्येक टोकाला दोन-दोन, स्क्रू विरुद्ध दिशांना. दुकानात चुंबक घेऊन गेले होते : पुष्कळ क्लिपांची पट्टी स्टेनलेसची असते, पण स्क्रूला चुंबक चिकटतो, आणि खाऱ्या पाण्यात आधी तोच गंजतो. आठ क्लिपांतून चार निवडल्या.

सगळ्यात जास्त वेळ बुशने खाल्ला. हातोडा मारायचा नाही हे ठरवलं होतं. हॅकसॉच्या नुसत्या पात्याने आतून एक उभी खाच पाडली, इतक्या सावकाश की दर पाच मिनिटांनी थांबून बोटाने खोली पाहायची. खाच बुशच्या पितळी कवचाच्या पार गेली की बुश आकसतो. मग लांब आटेदार सळई, दोन वॉशर आणि पाइपाचा तुकडा यांनी ओढून बाहेर. नवा बुश साबणाच्या पाण्यावर सरकवला, ग्रीस लावलं नाही. शाफ्ट आत घातला आणि बोटाने फिरवला. फिरला.

झिंक (शाफ्टऐवजी स्वतः गंजावा म्हणून लावलेला जस्ताचा तुकडा) निम्म्याहून जास्त खाल्लेलं, बदललं. मागची दोन्ही माउंटिंग नवी. एकच बदलायचा विचार होता, मेस्त्रींनी थांबवलं : नवं रबर आणि जुनं रबर सारखं दबत नाही.

रविवार, २९ डिसेंबर

चतुर्दशी, भरती साडेदहाला. बोट पाण्यात. ट्रॉलीवरून पूर्ण तरंगण्याआधीच आत जाऊन होजवर हात फिरवला, मग डबीवर. क्लिपा कोरड्या. ग्लँडला ४ थेंब, नट हातानेच आवळलेला.

कपलिंग आज जोडलं नाही. टेकूंवर उभी असताना बोटीचं अंग थोडं वेगळं बसतं, पाण्यात गेल्यावर ते सैलावतं. यार्डात जुळवलेलं इंजिन पाण्यात जुळलेलं असेलच असं नाही. म्हणून बोट ओढत मूरिंगवर आणून सोडली.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

सहा दिवस तरंगून झाले. आज दिवसभर फक्त फीलर गेज आणि पाना.

माउंटिंगचा एक नट पाव फेरा, मग चारी बाजूंनी मोजायचं, वहीत लिहायचं, परत. मागचं डावं वर घेतलं की पुढचं उजवं बिघडतं. अकरा वेळा मोजलं. चार वाजता वर ०.०५, खाली ०.०८, डावीकडे ०.०५, उजवीकडे ०.०६. शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा तेच. बोल्ट आवळले. भाऊ म्हणाला, पुरे आता. मी आणखी एकदा मोजलं.

रविवार, ५ जानेवारी

आग्वादच्या टोकापर्यंत इंजिनवर, वाळूचा पट्टा ओलांडून बाहेर, मग शिडावर दोन तास, परत इंजिनवर. इंजिनची जुनी थरथर गेली आहे. ती थरथर मी इतकी वर्षं या बोटीचा स्वभाव समजत होते.

एकूण इंजिन दोन तास दहा मिनिटं. नट दोनदा किंचित आवळला. चालताना २ थेंब. ग्लँडवर पंजा पूर्ण मिनिटभर ठेवला, कोमट.

बाबांना बोटीवरूनच फोन केला. त्यांनी विचारलं, "चालू असताना किती?" दोन म्हटलं. "आणि उभी असताना?" त्यासाठी पाच मिनिटं थांबा म्हटलं आणि फोन चालू ठेवूनच झाकण धरलं. पाच मिनिटांत एक.

रविवार, १९ जानेवारी

इंजिन आणखी सहा तास चाललं. चालताना २, उभी असताना पाच मिनिटांत एक, तेच. तळ टिपून कोरडा केला होता, आठवड्यात कपभर पाणी. बॅटरी १२.७.

डिझेल फिल्टरखालचा कागद बदलला. जुना कोराच होता.